अकरावीला मानसशास्त्र घ्यावं का? (मुलगी ठाम, घरचे विरोधात)

आंबोशी

नमस्कार मंडळी. दहावीचा निकाल लागला, लेकीला ९१ टक्के पडले. पेढे वाटून झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सांगितलं की तिला आर्ट्सला जायचंय, मानसशास्त्र घेऊन. तेव्हापासून घरात कोणी कोणाशी धड बोलत नाहीये.

आम्ही कराडजवळच्या एका गावात राहतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, मिस्टरांची शेती आणि खतांचं दुकान. सासूबाई म्हणतात, "एवढे मार्क पडलेत तर वेड्यांचं शिक्षण कशाला?" दीर म्हणतात, ९१ टक्क्यांवर आर्ट्स म्हणजे मार्क पाण्यात घालवणं. मिस्टर काहीच बोलत नाहीत, तेच मला जास्त जड जातंय.

तिच्या डोक्यात हे कुठून आलं ते मला माहीत आहे. गेल्या वर्षी माझ्या मोठ्या जावेचा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातून घरी परत आला. खोलीतून बाहेर येईना, जेवेना, अंघोळ करेना. आम्ही दृष्ट काढली, मग देवऋषी झाला. चार महिन्यांनी कोणीतरी सांगितलं म्हणून साताऱ्याला मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. नैराश्य होतं. आता गोळ्या चालू आहेत, पोरगं बरं आहे, कॉलेजला परत गेलंय. पण तेव्हा लेकीने मला विचारलं होतं, "आई, चार महिने आपल्यापैकी एकालाही कसं कळलं नाही?" मी शिक्षिका असून मला उत्तर देता आलं नव्हतं.

मला तिला अडवायचं नाहीये, पण डोळे झाकून पाठवायचंही नाही. अकरावी-बारावीला या विषयात नेमकं काय शिकवतात? पुढे काय? कोणी स्वतः शिकलेलं किंवा शिकवणारं इथे असेल तर कृपया सविस्तर लिहा.

कुंपणावरचा

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मानसशास्त्राला माझा विरोध नाही, अकरावीला आर्ट्स घेण्याला आहे.

बी.ए.ला मानसशास्त्र घ्यायचं तर बहुतेक ठिकाणी बारावी कुठल्याही शाखेची चालते. म्हणजे मुलीने सायन्स घेतलं, दोन वर्षांनीही तिला हेच हवं असलं, तर ती तेव्हा वळू शकते. उलट आर्ट्स घेतलं की फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी गेलं, म्हणजे मेडिकलची 'नीट' परीक्षा गेली. उद्या तिला वाटलं की पुतण्याला ज्यांनी बरं केलं तसं मनोविकारतज्ज्ञ व्हावं, तर त्याला आधी एमबीबीएस लागतं आणि मग मनोविकारशास्त्रातलं एम.डी. तो रस्ता वयाच्या सोळाव्या वर्षी बंद होतो. सायन्समधून आर्ट्सला येता येतं, आर्ट्समधून सायन्सला जाता येत नाही. हे तिला समोर बसवून सांगितलंय का?

मी पिंपरीत राहतो, माझाही मुलगा यंदा दहावी झालाय, म्हणून पोटतिडकीने लिहितोय.

तासिका

आंबोशीताई, मी नाशिक जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात २२ वर्षं हाच विषय शिकवतोय, मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांतून. जरा लांबण लावणार आहे.

आधी कुंपणावरचा यांच्याबद्दल. एमबीबीएसबद्दल त्यांनी लिहिलेलं शंभर टक्के खरं आहे. दरवर्षी माझ्याकडे दोन-तीन मुलं येतात ज्यांना मनोविकारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांतला फरकच माहीत नसतो. मी त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगतो: गोळ्या लिहून द्यायच्या असतील तर डॉक्टर व्हावं लागेल, तू चुकीच्या वर्गात बसला आहेस, अजून वेळ आहे, जा. तेव्हा लेकीला हा एकच प्रश्न नीट विचारा. तिला औषधाने बरं करणारी व्हायचंय, की माणूस असा का वागतो हे तिला समजून घ्यायचंय? तुम्ही तिचा जो प्रश्न लिहिलात, "आपल्यापैकी एकालाही कसं कळलं नाही", तो मला दुसऱ्या प्रकारचा वाटतो. तो आजारी मुलाविषयी नाहीच. न आजारी असलेल्या दहा माणसांविषयी आहे. तो मानसशास्त्राचा प्रश्न आहे.

आता काय शिकवतो ते. राज्य मंडळाचा सध्याचा अभ्यासक्रम अकरावीला २०१९ पासून आणि बारावीला २०२० पासून आहे. अकरावीत विषयाची गोष्ट, शाखा, 'स्व' म्हणजे काय, माणसाचा विकास, मेंदू आणि वर्तन, भावनिक स्वास्थ्य. बारावीत बुद्धिमत्ता, व्यक्तिमत्त्व, बोधनिक प्रक्रिया (लक्ष देणं, शिकणं, विचार करणं वगैरे), भावना, मानसिक विकृती, सकारात्मक मानसशास्त्र. दोन्ही वर्षी शेवटचं प्रकरण प्रयोगांचं. ८० गुणांची लेखी आणि २० प्रात्यक्षिकाचे. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, आज रात्रीच उतरवून घ्या आणि मायलेकी दोघी मिळून 'मेंदू आणि वर्तन' वाचा. ते वाचून लेकीला कंटाळा आला तर पुन्हा विचार करा. मुलं 'मानसिक विकृती' वाचून या विषयाच्या प्रेमात पडतात, पण विषय उभा आहे तो मज्जापेशी, मापन आणि प्रयोगांवर.

प्रयोगांबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिगला प्रयोगशाळा काढली म्हणून हे शास्त्र झालं, नाहीतर तत्त्वज्ञानाचाच एक कोपरा राहिलं असतं. आपल्याकडे कोलकाता विद्यापीठात १९१६ साली विभाग सुरू झाला, तोही प्रयोगांपासूनच. माझ्या वर्गात पहिला प्रयोग स्मरणाचा असतो. एबिंगहाउस यांनी अर्थहीन शब्द पाठ करून स्वतःच्याच विस्मरणाचं मोजमाप घेतलं आणि १८८५ मध्ये छापलं, त्याची ही छोटी आवृत्ती. इंग्रजी याद्या तयार मिळतात. मराठी याद्या मला स्वतः कराव्या लागल्या आणि त्यातच माझी दोन वर्षं गेली. 'लुग' लिहिलं की पोरं 'लुगडं' धरून लक्षात ठेवतात, तो शब्द बाद. 'झेम' चांगला वाटला, तर एकीने सांगितलं की तिच्या मावशीच्या कुत्र्याचं नाव जेम आहे. तोही बाद. मग मुलांनाच कळतं की स्मरण म्हणजे कपाटात वस्तू ठेवणं नव्हे. नवीन गोष्ट आली की मन आधी जुन्या गोष्टीला तिची गाठ मारायला बघतं. हे मी फळ्यावर लिहून दिलं असतं तर त्यांनी पाठ केलं असतं आणि विसरले असते.

वळीव_०७

मावशी, मी मराठी माध्यमातून बारावीला हा विषय घेतला होता, आता पुण्यात तिसऱ्या वर्षाला आहे, मानसशास्त्रातच. मला दहावीला ८८ होते आणि आमच्याही घरी हेच झालं होतं. बाबा दोन महिने नातेवाइकांना सांगत होते की पोरगी "अजून ठरवतेय".

मला सगळ्यात जास्त त्रास शब्दांचा झाला. आपल्या पुस्तकात डोळ्याला, कानाला नुसतं जाणवणं म्हणजे 'वेदन' आणि त्याचा अर्थ लागणं म्हणजे 'संवेदन'. मी यूट्यूबवर हिंदी व्हिडिओ बघायचे, तर हिंदीत सेन्सेशनला 'संवेदना' म्हणतात आणि पर्सेप्शनला 'प्रत्यक्षण'. मी अख्खं पहिलं सत्र दोन्हींची अदलाबदल करून लिहिलं. तसंच 'अभिसंधान', म्हणजे कंडिशनिंग, दोन गोष्टींची सवयीने मनात जोड लागणं. पावलॉव्हचा कुत्रा सगळ्यांना माहीत असतो, पण पेपरात 'अभिजात अभिसंधान' असं आलं की मुलं कोरं सोडून येतात. लेकीला सांगा, पहिल्या दिवसापासून एक वही फक्त शब्दांची करायची, मराठी आणि इंग्रजी शेजारी-शेजारी. पदवीला बहुतेक सगळं इंग्रजीत असतं, तेव्हा ती वहीच माझ्या उपयोगी पडली. अजून वापरते.

दुसरं, 'मानसिक विकृती' शिकवायला लागले तेव्हा आमचा अर्धा वर्ग आजारी पडला. कोणाला वाटलं आपल्याला चिंता विकृती आहे, कोणाला वाटलं भावाला छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया) आहे. मी तीन आठवडे धरून चालले होते की मला ओसीडी (तेच तेच विचार आणि कृती पुन्हा पुन्हा होण्याचा आजार) आहे, कारण मी कुलूप दोनदा ओढून बघते. आमच्या मॅडमनी तेव्हा वर्गात एक गोष्ट लिहून दिली, ती अजून माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. लक्षण आहे का, ते किती दिवस आहे, त्याने झोप, जेवण, काम, नाती अडतात का. तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय कोणाला कुठलंही नाव द्यायचं नाही, आणि मिळाली तरी नाव आपण द्यायचं नाही, डॉक्टरांकडे न्यायचं.

आणि एक प्रयोग सांगते, स्ट्रूपचा, १९३५ चा. 'लाल' हा शब्द निळ्या शाईने लिहिलेला असतो आणि तुम्ही शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा. आम्ही सगळे मराठी यादीवर अडखळलो. एक मैत्रीण मात्र भराभर सांगत गेली. ती लहानपणापासून इंग्रजी शाळेत होती, मराठी अक्षरं जुळवत वाचायची. वाचन तिच्या अंगवळणी पडलेलंच नव्हतं, मग ते आडवं कसं येणार? इंग्रजी यादी दिली तेव्हा ती आमच्यापेक्षा जास्त अडली. त्या दिवशी मी ठरवलं की पुढे हेच शिकायचं.

माळरान

सगळ्यांनी छान छान लिहिलंय. मी दुसरी बाजू लिहितो, कारण ती आमच्या पोरांनी भोगली आहे.

मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावचा. धाकट्या बहिणीने चार वर्षांपूर्वी अकरावीला हाच विषय घेतला. कॉलेजच्या माहितीपत्रकात विषय होता, फीच्या पावतीवर होता, वेळापत्रकातही होता. शिक्षक नव्हते. पद रिकामं होतं, तासिका तत्त्वावर कोणीतरी येणार असं दिवाळीपर्यंत सांगत राहिले. शेवटी मराठीच्या सरांनी पुस्तक वाचून दाखवलं. सर चांगले होते, त्यांची चूक नव्हती. प्रात्यक्षिकाची जर्नल मागच्या वर्षीच्या मुलीकडून आणून सगळ्या वर्गाने उतरवली. निरीक्षणाच्या तक्त्यातले सेकंदसुद्धा तेच. बहिणीला बारावीला प्रात्यक्षिकात २० पैकी १९ मिळाले आणि तिने आयुष्यात एकही प्रयोग केलेला नव्हता.

ती आता बँकेच्या परीक्षा देतेय. मानसशास्त्राचं नाव काढलं की म्हणते, नुसत्या व्याख्यांचा विषय होता तो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण तिलाही तुमच्या लेकीसारखंच त्याचं वेड होतं.

तेव्हा ताई, विषय चांगला की वाईट हे नंतर. तुमच्या भागात तो शिकवणारं जिवंत माणूस आहे का, हे आधी बघा. कॉलेजात जाऊन ऑफिसात विचारू नका, ते हो म्हणतात. बारावीच्या मुलीला गाठा आणि विचारा, "मागच्या वर्षी कोणते प्रयोग केले?" तिला एक जरी प्रयोग स्वतःच्या शब्दांत सांगता आला तर तिथे घाला.

तासिका

माळरान, वाचून गलबलून आलं. हे सर्रास चालतं आणि आमच्या शिक्षकांच्या बैठकांमध्ये यावर कोणी उघड बोलत नाही. मी तपासनीस म्हणून जर्नल बघितल्या आहेत. चाळीस जर्नलमध्ये एकच आकडे. माणसं वेगळी असतील तर आकडे सारखे येणारच नाहीत, हा या विषयाचा पहिला धडा, आणि तोच उतरवून काढलेला!

ताई, अजून एक. अकरावीचे प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन आहेत, २०२५ पासून गावांनाही तेच. दहा पसंतीक्रम भरता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद. फॉर्मवर शाखा आणि माध्यम निवडता, पण मानसशास्त्र कुठल्या विषयाबरोबर मिळेल ते कॉलेजचा गट ठरवतो. काही ठिकाणी मानसशास्त्र आणि अर्थशास्त्र एकत्र मिळतं, काही ठिकाणी दोन्हींची तासिका एकाच वेळी असते. पहिली पसंती टाकण्याआधी हे प्रत्यक्ष जाऊन विचारा. जमलं तर सोबत गणित किंवा अर्थशास्त्र घेऊ द्या. पुढे संख्याशास्त्र येतं आणि तिथे आर्ट्सची मुलं रडतात.

सोनकी

मी ठाण्यात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) म्हणून काम करते. पुढच्या रस्त्याबद्दल लिहिते, कारण इथे चुकीच्या समजुतींमुळे मुलांची वर्षं वाया जातात.

नुसतं बी.ए. करून कोणी उपचार करू शकत नाही. एम.ए. करूनही 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी लावता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेलं प्रशिक्षण आणि तिची नोंदणी लागते. इतकी वर्षं ते प्रशिक्षण म्हणजे एम.ए.नंतरचं दोन वर्षांचं एम.फिल. होतं, रुग्णालयात राबून करायचं. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एम.फिल. ही पदवीच बंद केली, आमच्या विषयाला २०२५-२६ पर्यंत मुदत दिली. परिषदेने नवे अभ्यासक्रम आणले आहेत. म्हणजे तुमची लेक तिथे पोहोचेल तेव्हा पायऱ्यांची नावं वेगळी असतील. पण मान्यताप्राप्त संस्था आणि देखरेखीखाली केलेलं काम याला पर्याय नसेल, एवढं धरून चाला.

आणखी एक बदल फार महत्त्वाचा. २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून यूजीसीने मानसशास्त्र दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई केली आहे. "नोकरी करता करता बाहेरून एम.ए. करेल" हा हिशेब आता विसरा. पदवीपासून पुढे प्रत्यक्ष वर्गात बसून शिकावं लागणार, म्हणजे मुलीला पुण्या-मुंबईला ठेवण्याचा खर्च घरच्यांनी आत्ताच मनात धरलेला बरा. मी हे घाबरवायला लिहीत नाही. माझ्या वडिलांनी हा खर्च धरला नव्हता आणि दुसऱ्या वर्षी माझं शिक्षण थांबता थांबता राहिलं, म्हणून लिहिते.

अकरावीला हा विषय नसला तरी पदवीला चालतो, हे वर कोणीतरी लिहिलंय ते बरोबर. मी स्वतः कॉमर्सची. पण माझ्याबरोबर ज्या मुली बारावीला हा विषय नीट शिकून आल्या होत्या, त्यांना पहिल्या वर्षी एक गोष्ट आपसूक येत होती जी मला तिसऱ्या वर्षी आली. "असं का?" विचारल्यावर त्या लगेच मत देत नसत. "कोणावर करून बघितलं? किती जणांवर? कोणत्या भाषेत?" असं विचारत.

कोणत्या भाषेत, हा प्रश्न किरकोळ नाही. बुद्धिमापनाची बिने यांची पहिली चाचणी फ्रान्समध्ये १९०५ साली झाली. ती नुसती भाषांतर करून आपल्या मुलांना लावता येत नव्हती. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात ती मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्याने बसवली. बिने-कामत म्हणून ती अजून वापरात आहे. माझ्याकडे मागे पालघरचा एक मुलगा आणला होता, शाळेने 'मंद' म्हणून पाठवलेला. घरी वारली बोलणारा. प्रमाण मराठीतल्या सूचना त्याच्या डोक्यावरून जात होत्या. त्याच्या आजीला शेजारी बसवलं, तिने सूचना तिच्या बोलीत सांगितली आणि मुलाने ठोकळे पटापट लावले. त्या दिवशीचा गुणांक मी अहवालात धरला नाही, पद्धत मोडली होती. पण शाळेला पत्र लिहिलं की 'मंद' हा शब्द काढा.

त्यासोबत लेकीला एक सांगाल का? सतराव्या वर्षी तिने चुलत भावाची समुपदेशक व्हायचं नाही. विषय घेतला की घरचे आणि मैत्रिणी सगळं तिच्यासमोर मोकळं करू लागतात, ते ओझं मुलींना झेपत नाही. ऐकून घ्यावं आणि मोठ्या माणसाला सांगावं. रात्रीबेरात्री कोणाला गरज पडली तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, मराठीत बोलतात.

उंबरठा

इंग्लंडमधून लिहितेय, लीड्स. इथे बारावीच्या जागी ए-लेव्हल असतं, मुलं साधारण तीनच विषय घेतात, आणि मानसशास्त्र हा सर्वाधिक घेतल्या जाणाऱ्या विषयांपैकी एक आहे. माझ्या मुलीने ते बायोलॉजी आणि गणिताबरोबर घेतलं. शाखाच नाहीत, त्यामुळे "आर्ट्स की सायन्स" हा तुमच्याकडचा वाद इथे उद्भवतच नाही. मला हे बघून नेहमी वाटतं की आपल्याकडे मानसशास्त्र आर्ट्सच्या खोलीत कोंडलंय हीच खरी अडचण. सायन्सच्या मुलाला ते हवं असतं, बहुतेक ठिकाणी मिळत नाही. आर्ट्सच्या मुलाला मिळतं, पण सोबत बायोलॉजी मिळत नाही.

इथेही पालकांना वाटतं सोपा विषय आहे. मुलीच्या पेपरात निदान दहा टक्के गुण गणिती कौशल्याचे असतात. आलेख, सरासरी, निकाल योगायोगाने आला का याची चाचणी. तिच्या दोन मैत्रिणींनी त्यामुळेच सोडला.

कुंपणावरचा

सोनकी आणि तासिका सर, तुम्ही दोघांनी लिहिलंय ते दोनदा वाचलं. माझं मूळ म्हणणं मी मागे घेत नाही, पण माळरान यांनी लिहिलेलं वाचून एक लक्षात आलं. शिक्षक नसलेलं सायन्सही आमच्याकडे ढीगभर आहे. मुलं नावाला कॉलेजात आणि दिवसभर क्लासला, प्रात्यक्षिकं तिथेही उतरवलेलीच. तेव्हा सायन्स घेतलं म्हणजे दार उघडं राहिलं, हेही तितकं खरं नाही.

पण सर, एक प्रामाणिक प्रश्न. दोन वर्षांनी मुलीला वाटलं की हे नको, तर तिच्या हातात काय राहतं?

तासिका

प्रश्न रास्त आहे. वकिलीची पाच वर्षांची वाट, कुठलीही कला शाखेची पदवी, डिझाइन, पत्रकारिता, समाजकार्य हे सगळं उघडं राहतं. केंद्रीय विद्यापीठांच्या सीयूईटी या प्रवेश परीक्षेत मानसशास्त्राचा स्वतंत्र पेपर आहे. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत तो वैकल्पिक विषय आहे. मेडिकल, इंजिनिअरिंग बंद होतं. ते मी लपवणार नाही.

माझे जुने विद्यार्थी बहुसंख्येने मानसशास्त्रज्ञ झालेले नाहीत. एक पोलीस उपनिरीक्षक आहे. गेल्या वर्षी भेटला तेव्हा म्हणाला, साक्षीदाराला मी "गाडी लाल होती ना?" असं विचारत नाही, "गाडी कशी होती?" असं विचारतो, तुमच्या वर्गात शिकलो. प्रश्नातल्या एका शब्दाने आठवण बदलते, हे त्याला बारावीत कळलं होतं. एक अंगणवाडी पर्यवेक्षिका आहे. ती दीड वर्षाच्या बाळाला खेळताना बघून आईला सांगते की कान तपासून घ्या. मला याहून मोठा पगार नको.

आंबोशी

आठ दिवसांनी लिहितेय, सगळ्यांची क्षमा मागते. रोज वाचत होते.

मी लेकीला समोर बसवून सरांचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "मला औषध द्यायचं नाहीये आई. मला बघायचंय की माणसं समोरचं असून का बघत नाहीत." बायोलॉजी सुटणार, मेडिकल सुटणार, हे कागदावर लिहून तिच्याकडून वाचून घेतलं. 'मेंदू आणि वर्तन' आम्ही तीन रात्री वाचलं. मलाच जास्त आवडलं.

माळरानदादा, तुम्ही सांगितलं तसंच केलं. पहिल्या कॉलेजात ऑफिसने हो म्हटलं, पण व्हरांड्यातल्या बारावीच्या मुलीला एकही प्रयोग सांगता आला नाही. तिथून निघालो. दुसरीकडे एका मुलीने आरशातल्या चांदणीचा प्रयोग असा सांगितला की आम्ही थांबून ऐकत राहिलो. तिच्या सरांनाच भेटलो. मिस्टर सोबत होते, दुकान बंद ठेवून आलेले, पण गप्प.

सरांनी कपाट उघडून ते यंत्र काढलं. एक लाकडी फळी, तिच्यावर दुहेरी रेषेची चांदणी, समोर आरसा आणि हात थेट दिसू नये म्हणून वर पत्र्याचा आडोसा. सर मिस्टरांना म्हणाले, "बसा, तुम्ही आमचे प्रयुक्त." म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो. आरशात बघून दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची. माझा नवरा नांगर धरतो, वजनकाट्यावर ग्रॅमचा फरक हाताने ओळखतो. पहिल्या कोपऱ्यावर त्यांचा हात थांबला तो थांबलाच. वर न्यायचा तर खाली जात होता. कपाळाला घाम आला. रेषेबाहेर गेले की लेक वहीत एक फुली मारत होती. कोणी काही बोललं नाही. मग ते म्हणाले, "पुन्हा देतो." तीनदा केलं. तिसऱ्यांदा हात आपसूक वळायला लागला आणि ते सरांना म्हणाले, "मला तर दिसत होतं सगळं. मग हाताला का कळत नव्हतं?"

सर काही म्हणाले नाहीत, लेकीकडे बघितलं.

येताना एसटीत ते स्वतःहून म्हणाले की पहिली पसंती हीच टाका. विषयांच्या गटात अर्थशास्त्र मिळतंय, तेही विचारून आलोय. पुण्याच्या खर्चाचं त्यांनी ऐकून घेतलं, या वर्षीच्या उसाच्या बिलातून काही बाजूला ठेवू म्हणाले.

सासूबाई अजून नाराज आहेत. लेकीच्या वहीत बाबांचे आकडे आहेत: पहिला प्रयत्न ३ मिनिटं ४० सेकंद, २७ चुका, तिसरा १ मिनिट ५५ सेकंद, ११ चुका. आता ती म्हणतेय आजीला बसवायचं. पुठ्ठ्यावर चांदणी काढून झाली आहे. तासिका सर, घरात दाढीचा आरसा आहे, तो चालेल का?

तासिका

चालेल, भिंतीला टेकवून सरळ उभा करा. वरून दुसरा पुठ्ठा आडवा धरा, स्वतःचा हात थेट दिसता कामा नये. उजेड डावीकडून असू द्या. आणि सुरू करण्याआधी लेकीला आजींना एक वाक्य सांगायला सांगा, आम्ही प्रत्येक प्रयुक्ताला सांगतो: ही तुमच्या बुद्धीची परीक्षा नाही, तुम्हाला जमेल तसं करा.

आकडे इथे टाका. माझ्या मुलांना आजींच्या वयाचा प्रयुक्त कधी मिळत नाही.